दहाव्याची कॉफी

काका: गुरुजी म्हणतायत, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. त्यांना उत्रोलीला दुसरा दहावा आहे.

मैथिली: आणखी थोडं थांबू या, काका.

काका: अगं, किती थांबायचं? ऊन डोक्यावर आलं. पलीकडच्या लोकांचं बघ. पिंड ठेवून मागे वळले नाहीत तोच शिवला. आणि आपल्याकडे एक फिरकत नाही.

हणमंत: पोटं भरल्यात त्यांची, साहेब. सकाळधरनं ह्याच घाटावर पंगत चाललीया. त्यो बघा उंबरावरचा, फांदीला चोच पुसाय लागलाय.

काका: हणमंता, तू गडाखालच्या पालीहून एवढा आलास, बरं वाटलं. पण ही चेष्टेची वेळ नाही.

हणमंत: चेष्टा न्हाई वो. दिसलं ते बोललो.

काका: मधूचं काहीतरी राहिलंय. त्याशिवाय असं होत नाही. मी आपला सांगून बसलो, बाबा मधू, शैलजाची काळजी करू नकोस, तुझा मोठा भाऊ अजून बसलाय. घराचं बघतो, पेन्शनचं बघतो. सगळं बोलून झालं माझं. आता तू बोल, मैथिली.

मैथिली: मी काय बोलू?

काका: एकुलती एक आहेस. हट्टानं अग्नी दिलास, आज पिंडही तूच ठेवलास. मी अडवलं नाही. आता हात जोड आणि म्हण, बाबा, मी नागपूरची नोकरी सोडून भोरला आईजवळ राहायला येते. म्हणून तर बघ. झेप घेईल तो.

मैथिली: पण मी येणार नाहीये. आईलाही ते ठाऊक आहे.

काका: म्हणायला काय जातं?

मैथिली: बाबांना खोटं सांगायचं? आज?

काका: त्याला कळणार आहे थोडंच!

मैथिली: कळणार नसेल तर सांगायचं कशाला?

काका: शब्दात पकडू नकोस मला. तुझा बाप कोर्टात कारकून होता, वकील नव्हता.

हणमंत: हे मातर खरं. वकील असते तर आमच्या अंगणात येऊन कशाला निजले असते?

काका: मोबाईल वाजतोय कुणाचा तरी.

मैथिली: माझा. सुलक्षणाचा मेसेज आहे.

हणमंत: ही कोन?

मैथिली: शेजारची. आईजवळ बसवून आलोय तिला. म्हणतेय, काकूंनी साखरेची गोळी सकाळीच घेतली, पोटात अजून काही नाही. डोकं जड झालंय म्हणतात. लिंबूपाणी दिलं तर पेला बाजूला सरकवला.

काका: झालं! आता दोघांचं करावं लागेल मला.

मैथिली: काका.

काका: अगं, तोंडातून गेलं. पण काय चुकीचं बोललो? डायबेटिसचं माणूस. गोळी घ्यायची आणि उपाशी बसायचं, हा काय प्रकार आहे? तूच समजाव तिला.

मैथिली: समजावलं. सकाळी निघताना म्हणाली, कावळा आपणहून शिवला की मला कळव, मग मी जेवीन. गवताचा नको म्हणाली. गवताला काय कळतंय, ते कुणीही शिवून देईल.

हणमंत: वैनींचं असं कदी न्हवतं. ताईंचे बाबा, आमचे भाऊ, हसून म्हनायचे, आमचं घर बिनदेवाचं.

मैथिली: कावळ्याचं नाहीच ते, मामा. ती म्हणते, माणूस रात्री 'उद्या दुपारपर्यंत येतो' म्हणून पालीहून फोनवर बोलला आणि सकाळी तिथंच गेला. जाताना त्याला काय हवं होतं, काही हवं होतं का, कुणाला माहीत नाही. ते कळल्याशिवाय घास उतरायचा नाही म्हणते. आता विचारणार कुणाला? कावळ्यालाच.

हणमंत: मंग सांगून टाका की, शिवला म्हनून.

मैथिली: तुम्हीसुद्धा?

हणमंत: जितं मानूस जेवाय पायजे, ताई. वैनी काय हितं बघाय येनार हायत?

काका: आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास, हणमंता. लाव फोन, मैथिली. मी सांगतो. डोमकावळा होता, चांगला धिप्पाड.

मैथिली: नको. तिला कळतं. तुमचा आवाज तर लगेच कळेल, तुम्ही धिप्पाड वगैरे म्हणालात की.

काका: मग काय करायचं ते तरी सांग.

हणमंत: ताई.

मैथिली: हं.

हणमंत: म्या भाऊंची पिशवी आनलीया. त्या दिशी गडबडीत आमच्याकडंच राह्यली व्हती.

मैथिली: बघितली मघाशी. धीर झाला नाही हात लावायचा.

हणमंत: सगळं हाय आत. स्टो, गॅसचा डबा, ती बिया दळायची चक्की, थर्मास, दोन मग. पातेल्याचं बूड तेवढं करपलंय. माझ्या बायकूनं, रतननं, राखेनं लई घासलं, पर निघंना.

मैथिली: करपलं कसं?

हणमंत: पानी ठेवलेलं व्हतं ना. भाऊ असे अंगणातल्या झाडाच्या बुंध्याला टेकले, मान खाली गेली. म्या हलवाय लागलो, हाका माराय लागलो. गाडी बोलवा, पानी आना. त्या पातेल्याकडं कोन बघतंय? आटून आटून कोरडं ठाक झालं, वास सुटला तवा रतननं येऊन स्टो बंद केला.

काका: म्हणजे कॉफी न पिताच गेला तो.

हणमंत: व्हय. तेच सांगतोय. ती करून ठिवू या का पिंडाजवळ?

काका: कॉफी?

हणमंत: व्हय.

काका: दहाव्याच्या पिंडाला कॉफी! भोरमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही तुम्ही लोक.

मैथिली: गेल्या महिन्यात इथंच कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली होती ना? तुम्हीच सांगत होतात.

काका: ती तंबाखू होती.

मैथिली: म्हणजे?

काका: म्हणजे... पद्धत आहे ती. लोक ठेवतात. हे असं घाटावर स्टोव्ह मांडून चूल पेटवायची म्हणजे सहल झाली.

मैथिली: गुरुजींना विचारा.

काका: मी नाही विचारत.

हणमंत: म्या इचारलं मघाच. म्हनले, करा काय करायचं ते, पर बेगीनं करा.

काका: तुझी तयारी झालेली दिसतेय पूर्ण.

हणमंत: पानी बी आनलंय आमच्या इहिरीचं. भाऊ म्हनायचे, भोरच्या नळाला औषदाचा वास येतो, त्यात कॉफी मरती. टेम्पोनं नसरापूरपतुर आलो, तितनं एसटीनं. कंडक्टर म्हनला, पाव्हनं, भोरला पानी न्हाई व्हय?

मैथिली: द्या इकडे ती पिशवी.

काका: अगं, पण लवकर.

मैथिली: लवकर केलेली त्यांना चालत नसे. होईल तेवढ्यात करते. मामा, त्या पायरीवर ठेवू स्टोव्ह, सपाट आहे.

हणमंत: वारा लई हाय. नदीवरनं येतोय.

मैथिली: आडोसा पाहिजे काहीतरी. ते काय करायचे तुमच्याकडे?

हणमंत: सुपल्या लावायचे दोन. रतन वरडायची.

मैथिली: काका, तुमची छत्री द्या.

काका: उन्हाला आणलीय मी ती.

मैथिली: उघडून अशी आडवी धरा. खाली. आणखी खाली. बसावं लागेल तुम्हाला.

काका: लोक बघतायत, मैथिली.

मैथिली: बघू देत. ज्योत इकडे वळतेय, जरा डावीकडे घ्या. हां. असंच धरून ठेवा.

काका: बहात्तराव्या वर्षी भावाच्या दहाव्याला छत्री धरून स्टोव्हची राखण करतोय. मधू, बघ बाबा.

हणमंत: बघत असतील. हसत बी असतील.

मैथिली: मामा, चक्कीच्या खालच्या डब्यात पूड आहे. दळलेली.

हणमंत: ती त्यांचीच. त्या दिशी सकाळी दळली व्हती. तांबडं फुटलं नव्हतं तवा घरघर घरघर. म्हस बुजली आमची.

मैथिली: त्यांनीच दळलेली.

काका: मग तीच घाल! त्याच्या हातची आहे. याहून चांगलं काय?

मैथिली: नाही.

काका: आता का नाही?

मैथिली: दळून ठेवलेली ते पीत नसत. मी एकदा शाळेत असताना आदल्या रात्री दळून ठेवली होती, सकाळी त्यांची मदत म्हणून. बघितली, वास घेतला, आणि बाहेर जाऊन कुंडीत टाकली. रागावले नाहीत. म्हणाले, मैथिली, यात आता फक्त रंग उरलाय.

काका: कॉफीचे एवढे चोचले! घरी आयुष्यभर चहा प्यायला की.

मैथिली: घरी आईचा चहा. कॉफी फक्त बाहेर. घरात दोन चुली नकोत म्हणायचे.

काका: आणि ही पूड? फेकणार?

मैथिली: नाही. त्या पळसाच्या पानावर काढून ठेवते. पिंडाशेजारी. वास येतोय का तुम्हाला काही?

हणमंत: न्हाई.

मैथिली: मलाही नाही. बिया आहेत थोड्या पिशवीत. एकदाच होईल.

हणमंत: मंग नीट करा, ताई.

मैथिली: करते. पाणी ठेवलंय, तोवर दळते. ही मूठ फार घट्ट झालीय.

काका: केवढा आवाज! कावळे होते तेही उडाले.

हणमंत: एक न्हाई उडाला. उंबरावरचा.

काका: तो बहिरा असेल.

मैथिली: फडकं कुठंय गाळायचं?

हणमंत: त्या दोरीच्या कप्प्यात बघा. गोल तारेचं.

मैथिली: हं. हे आईनं शिवलं होतं. बाबांच्या मलमलच्या सदऱ्याचं. तारेला टाचताना दोनदा सुई बोटात गेली तिच्या. म्हणाली, तुमची कॉफी तुम्ही प्या आणि रक्त माझं घ्या.

काका: शैलजा गेली होती का कधी त्याच्याबरोबर तिकडे?

मैथिली: नाही. तिला गाडी लागते. आणि कुणाच्या अंगणात जाऊन निजायचं, हे तिला पटायचं नाही. आधी ते गड चढायचे ना, पद्मावती माचीवर जाऊन करायचे कॉफी. मग छातीत कळ आल्यावर डॉक्टरांनी चढण बंद केली. तरी महिन्यातून एकदा जायचेच. पायथ्याशी बसून वर बघत प्यायचे.

काका: मला वाटायचं, अजून चढतो. चिडायचो मी त्याच्यावर. सांगितलं नाही कधी मला.

मैथिली: तुम्ही विचारलं नाहीत.

काका: बोलावलंही नाही त्यानं.

मैथिली: बोलावलं होतं, काका. दिवाळीत. तुम्ही म्हणालात, पाठीवर बोचकं घेऊन हिंडायचं वय आहे का आपलं?

काका: पाणी उकळलं बघ.

मैथिली: उतरवते. झाकण काढून थांबायचं जरा. उकळतं ओतलं की कडू होते.

हणमंत: न उकळतं ओतलं तरी कडूच व्हती.

मैथिली: म्हणजे?

हणमंत: काय न्हाई. आपलं बोललो.

मैथिली: फडकं थर्मासच्या तोंडावर धरा, मामा. दोन्ही हातांनी. हलवू नका. आधी थोडंसंच पाणी. पूड भिजेल एवढं. बघा, फुगतेय.

काका: हे काय, जिवंत असल्यासारखी वर येतेय.

मैथिली: बिया ताज्या असल्या की येते. आता परत थांबायचं.

काका: थांबायचंच असतं वाटतं सारखं यात.

मैथिली: बाबा म्हणायचे, कॉफी करायला काही येत नाही मला, थांबायला येतं.

काका: ऑफिसातही तसाच होता. फाइल अडली की थांबायचा. मी तहसीलला, तो कोर्टात, समोरासमोर इमारती. मी ओरडून काम करून घ्यायचो आणि हा थांबून.

हणमंत: कुनाचं लवकर व्हायचं?

काका: त्याचं. छत्री ठेवू का आता? हात भरून आला.

मैथिली: ठेवा. झाली. मामा, फडकं सोडू नका, निथळू दे. हा बाबांचा मग. ठेवते पिंडाजवळ.

काका: सरक मागे. सगळे मागे सरका. पाठ करा तिकडे.

हणमंत: म्या खांद्यावरनं बघतो.

काका: आला का?

हणमंत: त्यो उंबरावरचा खाली उतरला.

काका: कुठंय?

हणमंत: पायरीवर. मगाकडं बघतोय. मान वाकडी केली. आता...

मैथिली: काय झालं?

हणमंत: गेला. पलीकडं कुनी शेव टाकलीया.

काका: नालायक!

मैथिली: काका, कावळा आहे तो.

काका: नाही, मी म्हणतो, काय कमी केलं आपण? विहिरीचं पाणी आणलं, छत्री धरली. आता तरी यायला काय हरकत होती? मधू असा अडून बसणारा नव्हता. गुरुजी हात करतायत बघ. आता बास.

हणमंत: साहेब, जरा थांबा.

काका: आता काय राहिलंय?

हणमंत: दुसरा मग माझा हाय.

काका: मग घे की. कॉफी प्यायची परवानगी कशाला मागतोस?

हणमंत: तसं न्हाई. ताई, तुमी बसा हितं.

मैथिली: काय आहे, मामा?

हणमंत: म्या भाऊंची कॉफी कवा प्यालो न्हाई.

मैथिली: कधीच? इतकी वर्षं ते तुमच्याकडे यायचे. दोन मग असायचे नेहमी.

हणमंत: असायचे. पयल्यांदा एक घोट घेतला, जिभंला मुंग्या आल्या. ना दूद, ना साखर. जहर नुसतं. पर त्यांनी एवढं थंडीत बसून केलेलं, नको कसं म्हननार? ते गडाकडं बघत बसायचे. म्या हळूच मग कलता करायचो, जांभळाच्या बुंध्यात. मंग म्हनायचो, झ्याक झाली.

काका: अरे, दर वेळी?

हणमंत: दर खेपंला. रतन म्हनती, त्या जांभळाला म्हनूनच फळ धरंना.

मैथिली: आणि बाबांना कळलं नाही?

हणमंत: म्या बी तसंच समजत व्हतो.

मैथिली: मग?

हणमंत: त्या सकाळी पानी ठेवलं, दळून झालं. म्या शेजारी येऊन बसलो. भाऊंचा रंग जरा उतरलेला वाटला, पर थंडी व्हती. वर गडाकडं बघतच म्हनले, हणमंता, आज तरी पी. जांभळाला नको घालू. माझ्या अंगातनं जीवच गेला. तोंड वर करवंना. काय बोलावं म्हनून खाली बघत बसलो, मातीत रेघा वडत. जरा वेळानं मान वर केली, म्हनलं आता कबूल करावं. तवर ते टेकले व्हते.

मैथिली: हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

हणमंत: काय सांगू? मानूस गेलं, लोकं इचारत्यात शेवटी काय बोलले. तर असलं सांगू? रतनला बी न्हाई सांगितलं. वैनी त्या दिशी इचारत व्हत्या, काय म्हनले का वो? म्या म्हनलं, काय न्हाई, वैनी. तवापास्नं झोप न्हाई मला.

मैथिली: रागावून म्हणाले का?

हणमंत: न्हाई न्हाई. हसत व्हते. मिशीतल्या मिशीत.

मैथिली: घ्या. हा तुमचा मग.

हणमंत: म्या पितो. तुमी बघा माझ्याकडं, म्हंजी वतायला नगो.

काका: हळू, पोळेल.

हणमंत: पोळू दे.

मैथिली: मामा, राहू द्या अर्धी. जबरदस्ती नाही.

हणमंत: न्हाई. बुडापतुर.

काका: अरे, काढा प्यायल्यासारखं तोंड करतोयस.

हणमंत: काढा गोड असतुया, साहेब. झाली. बघा. मग पालथा केला.

मैथिली: बघितलं.

काका: मला दे गं घोटभर. थर्मासच्या झाकणात दे.

मैथिली: तुम्हाला सोसणार नाही.

काका: दे. ... शी! हे प्यायला हा दर महिन्याला पालीला जायचा?

मैथिली: म्हटलं होतं.

काका: वास मात्र... थांब. हा वास ओळखीचा आहे. सोमवारी कोर्टात आला की त्याच्या स्वेटरला यायचा हा. मला वाटायचं, बिडी ओढायला लागला की काय. शैलजाला सांगायला हवं म्हणून आमच्या हिनं माझ्या मागं लकडा लावला होता.

हणमंत: बिडी म्या वडायचो. कॉफी त्यांची.

मैथिली: पुन्हा सुलक्षणाचा मेसेज. आईचे हात कापतायत म्हणते. घाम आलाय.

काका: मैथिली, आता माझं ऐक. दोन शब्द. शिवला, म्हण. बाकी सगळं आयुष्यभर खरं बोल.

मैथिली: आईच करतेय फोन.

(मैथिली फोन स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवते.)

आई: मैथिली? शिवला का गं?

काका: म्हण.

मैथिली: नाही, आई.

आई: नाही?

मैथिली: पिंड होता तसाच आहे. एक आला होता जवळ. गेला.

आई: बरं.

मैथिली: आई, तुला घाम आलाय म्हणे. ऐक ना...

आई: सुलक्षणाला सगळं कळवायची घाई. इतका वेळ काय करत होता तुम्ही?

मैथिली: कॉफी केली.

आई: घाटावर?

मैथिली: हणमंतमामांनी बाबांची पिशवी आणली. तू शिवलेल्या फडक्यातून गाळली. काकांनी छत्री धरली वाऱ्याला.

आई: दादांनी? कुणासाठी केलीत?

मैथिली: मामा, तुम्ही बोला. मी नाही सांगणार.

हणमंत: वैनी, म्या हणमंत.

आई: बोला.

हणमंत: तुमी त्या दिशी इचारलं व्हतं, भाऊ शेवटी काय बोलले का. म्या काय न्हाई म्हनलो. ते खोटं व्हतं.

आई: काय म्हणाले?

हणमंत: लई साधं बोलले. म्हनले, हणमंता, आज तरी पी. जांभळाला नको घालू.

मैथिली: आई, ऐकतेयस ना? सुलक्षणा, आहेस का तिथं?

आई: ऐकतेय. इतकंच म्हणाले?

हणमंत: इतकंच. हसून म्हनले.

आई: हसून.

हणमंत: व्हय, वैनी. आईची आन.

आई: मला माहीत होतं ते जांभळाचं. दर वेळी घरी आले की चपला काढता काढता सांगायचे, आजही जांभळालाच पाजली. मी म्हणायची, अहो, मग देता कशाला वाया? तर म्हणायचे, तेवढा वेळ बसतो ना तो शेजारी.

काका: रडू नकोस, हणमंता. अरे, घाटावर लोक आहेत.

आई: आज प्यायलात?

हणमंत: प्यालो.

मैथिली: सगळी, आई. माझ्यासमोर. मग पालथा करून दाखवला.

आई: कशी लागली?

हणमंत: कडू, वैनी. लई कडू.

आई: दादा आहेत का तिथंच?

काका: आहे, आहे. बोल शैलजा.

आई: गुरुजींना म्हणावं, दर्भाचा करून घ्या. ऊन झालं असेल. उठा आता सगळे तिथून.

काका: बरं. सांगतो. लगेच सांगतो.

मैथिली: आई, आधी काहीतरी गोड घे तोंडात. आत्ता, मी ऐकतेय तोवर.

आई: घेते गं. ही केव्हाची पेला धरून उभी आहे. ... घेतलं. हणमंतरावांना तसंच एसटीत बसवू नका. जेवायला घेऊन या.

मैथिली: आणते.

आई: मैथिली.

मैथिली: हं?

आई: उरलीय का थोडी?

मैथिली: आहे. थर्मासमध्ये आहे, गरम.

आई: सांडू नकोस येताना. सुलक्षणा भात टाकतेय. भाताबरोबर चालते का गं, कॉफी?